टपावरचं सामान

खोली बघायला गेले तेव्हा काकांनी माझं नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही, बँकेत काय हुद्दा आहे तेही विचारलं नाही. दाराशी ठेवलेल्या माझ्या सुटकेसकडे बघून म्हणाले, "हिच्यात जड काय आहे?"

"पुस्तकं आहेत. आणि मिक्सर."

"कुठे आहेत?"

"असतील वरच कुठेतरी."

"वर!" काकांनी कपाळाला हात लावला, पायरीवर बसकण मारली आणि भर गल्लीत माझी सुटकेस उघडली. कऱ्हाडहून बदली होऊन आलेली मी, बनारसमधला पहिला दिवस, आणि एक पांढऱ्या केसांचा परका माणूस माझे कपडे एकेक करून बाहेर काढतोय. मी आवाज चढवणार इतक्यात आतून काकू आल्या. हातात चहाचा पेला. "पोरी, चाय घे," त्या शांतपणे म्हणाल्या. "ते कपडे बघत नाहीत. वजन बघतात."

चहा संपेपर्यंत सुटकेस भरून झाली होती. मिक्सर चाकांच्या बाजूला, पुस्तकं त्याला टेकून, कपडे वर, आणि एवढं करून बरीच जागा शिल्लक. "आता उचल," काका म्हणाले. उचलली, तर खरंच हलकी वाटली. मला भयंकर राग आला होता आणि खोली पसंत पडली होती. मी रहायला आले.

संकठा घाटाच्या वरच्या अंगाला, दोन माणसं समोरासमोर आली तर एकाने तिरकं व्हावं अशा गल्लीत त्यांचं घर. कधीकाळी त्यांचा कुणी पूर्वज एका पुणेकर सरदाराच्या गोतावळ्यातून काशीला आला आणि इथलाच होऊन गेला. घरातले पुरुष पिढ्यान् पिढ्या पौरोहित्य करायचे. काकांनी ते सोडून युनिव्हर्सिटीत भूगर्भशास्त्र शिकवलं, म्हणून मोहल्ल्यात ते 'पत्थरवाले मास्टर साहब'. निवृत्तीनंतर लोक जप करतात, नातवंडं खेळवतात, फार तर स्वतःच्या गुडघ्यांविषयी बोलतात. काकांनी जुनी फोर बाय फोर जीप विकत घेतली.

ज्या घरापर्यंत सायकलसुद्धा धड येत नाही त्या घराच्या मालकाने जीप घ्यावी, यातच सगळं आलं. जीप रहायची चौकाघाटाच्या पलीकडे, गाड्या दुरुस्त करणाऱ्या एका मिस्त्रीच्या आवारात. काका गल्लीबोळांतून मैदागिनपर्यंत पायी जात, तिथून टोटो, म्हणजे बॅटरीची रिक्षा, पकडत आणि जीपला भेटून परत येत. काकू म्हणायच्या, "सासुरवाडीला पण इतके गेले नाहीत कधी." सासुरवाडी दोन गल्ल्या सोडून होती.

गाडीवाली माणसं इंजिनाविषयी बोलतात, मायलेजविषयी बोलतात. काकांचा जीव गाडीच्या टपावर होता. तिथे त्यांनी स्वतः बसून बनवून घेतलेलं लोखंडी नळ्यांचं कॅरिअर होतं, त्याला चारी बाजूंनी कठडा आणि मागून चढायला शिडी. तंबू, ताडपत्री, डिझेलचे कॅन, फावडं, चाक रुतलं तर खाली सरकवायच्या जाळीच्या पट्ट्या, पाण्याची टाकी, एवढं सगळं त्यावर चढायचं. बाकी सामानासाठी ठठेरी बाजारातल्या कारागिराकडून ॲल्युमिनियमच्या पेट्या करून घेतल्या होत्या. त्यांचं माप काय, तर गल्लीची रुंदी उणे एक सांड. घरून पेटी नेताना वाटेत सांड उभा असला तर त्याला न उठवता पेटी बाजूने गेली पाहिजे, असा हिशोब होता. हसू नका, पेट्या जायच्या.

काकांची म्हणून काही वचनं होती. 'जड चीज खाली, हलकी वर. एवढं बैलाला पण समजतं.' 'जे आधी लागणार ते शेवटी चढवायचं.' 'गाडी रस्त्यामुळे उलटत नाही, लोभामुळे उलटते.' आणि सगळ्यात लाडकं, जे ते पट्टा आवळताना दात खाऊन म्हणत: 'जे बांधलं नाही ते आपलं नाही.' माझ्या भाजीच्या पिशवीपासून मोहल्ल्यातल्या लग्नांपर्यंत हे वचन त्यांनी सगळीकडे लावून पाहिलं होतं.

दर रविवारी तालीम असायची. सगळं सामान चढवायचं, बांधायचं आणि गाडी फिरवून आणायची. ही तालीम कसली, तर हिमालयात, स्पीतीला जायची. स्पीतीच्या रस्त्यासारखा रस्ता इथे कुठे मिळणार, असं मी पहिल्यांदा भोळेपणाने विचारलं. काका म्हणाले, "पांडेपूरपर्यंत चल, मालूम पडेल." मालूम पडलं. खड्ड्यांतून गाडी चालायला लागली की ते मान तिरकी करून ऐकत. कुठे जरा खुट्ट वाजलं की गाडी बाजूला. मग शिडीवर चढायचं, वाजणारी वस्तू शोधायची, तिच्याखाली पोत्याचा तुकडा घालायचा, पुन्हा पट्टा. मागच्या गाड्यांचे हॉर्न, रिक्षावाल्यांच्या शिव्या, काहीही त्यांच्या कानात शिरत नसे. टपावरचा चमचा मात्र बरोब्बर ऐकू यायचा. "वाजतंय म्हणजे सुटतंय," ते म्हणायचे. दोराचं दुसरं टोक धरायला मी असायचे, कारण माझ्या रविवारला त्या शहरात दुसरा धनी नव्हता.

आणि काकू पुढच्या सीटवर बसलेल्या. त्यांच्यासाठी लाकडाचं एक बुटकं स्टूल होतं, कारण जीप उंच आणि त्यांचे गुडघे कामातून गेलेले. या स्टुलाची जागा टपावर, फावड्याच्या खाली, दोन पट्ट्यांनी आवळलेली. काकूंना उतरायचं झालं की काका शिडी चढणार, पट्टे सोडणार, स्टूल खाली आणणार. काकू उतरल्या की स्टूल परत वर. चढताना पुन्हा तोच सोहळा. शेवटी काकूंनी उतरणंच सोडलं, चहासुद्धा सीटवर बसून प्यायच्या.

"काका, स्टूल आत ठेवा ना, काकूंच्या पायाशी," मी एकदा म्हणाले.

"आत वाजतं," काका म्हणाले. विषय संपला.

स्पीतीचं खूळ मुळात काकूंचं. त्यांच्या देवघरात पिढीजात शाळिग्राम होता आणि त्याच्या शेजारी तसाच दिसणारा, वेटोळ्याचा एक काळा दगड, काकांनी तरुणपणी स्पीतीहून आणलेला. लग्नानंतर काकूंनी विचारलं होतं, हा कुठला देव? काकांनी सांगितलं, देव नाही, शिंपल्यातला प्राणी आहे, दगड झालेला. जिथे सापडला त्या पहाडावर एके काळी समुद्र होता. काकू म्हणाल्या, "मग मला तो समुद्र दाखवा." काका म्हणाले, "दाखवतो."

त्यानंतर काका विद्यार्थ्यांना घेऊन कुठे कुठे जाऊन आले, काकू त्यांचे मळके कपडे आणि नवे दगड धूत राहिल्या. रेल्वेने प्रयाग आणि एकदा माहेरच्या लग्नाला नागपूर, एवढाच त्यांचा प्रवास. त्या दगडावर मात्र त्या रोज शाळिग्रामाबरोबर तुळस वाहायच्या. "देव नसला तर नसला," मला म्हणायच्या, "इतक्या लांबून आलाय बिचारा."

जीप घेतली ती या शब्दासाठीच. पण शब्द पाळायचा तर नीट पाळायचा, या हट्टात वर्षं चालली होती. कधी पट्टे पसंत पडायचे नाहीत, कधी तंबू जड व्हायचा. मी आल्यावर पहिल्याच उन्हाळ्यात एकदाचा निघायचा दिवस ठरला. काकूंनी नवा स्वेटर घेतला. मिस्त्रीने नारळ आणला. मोहल्ल्यातली चार माणसं चौकाघाटापर्यंत निरोप द्यायला आली. गाडी चालू झाली, आवाराच्या फाटकापर्यंत आली आणि थांबली. फाटकावर लोखंडी कमान होती आणि आमचा तंबू तिच्यापेक्षा वीतभर उंच होता.

काकांनी फाटक मोजलं नव्हतं असं नाही. मोजलं होतं, गाडी मोजली होती, सामान मोजलं होतं. पण मधल्या काळात खडकांत चालणारे मोठे टायर बसवले ते मापात धरायचे राहून गेले. आता करणार काय? काकांनी टायरमधली हवा सोडली. गाडी बसली, तरी कमान चार बोटं कमी पडत होती. मिस्त्री म्हणाला, "मास्टर साहब, टेंट उतार लीजिए, बाहर जाके फिर चढ़ा देंगे. पाँच मिनट का काम है." कुणीही शहाण्या माणसाने हेच केलं असतं.

"सडकेवर बांधणी करत नाहीत," काका म्हणाले. "कॅरिअरच गलत झालं. बुटकं करून घ्यावं लागेल."

कॅरिअर बुटकं होईपर्यंत पाऊस आला, पावसात पहाडाचे रस्ते ढासळतात, मग थंडी. त्या दिवशी घरी आल्यावर काकूंनी नव्या स्वेटरमध्ये कडुनिंबाचा पाला घातला आणि तो ट्रंकेत ठेवून दिला. मला काकांचा इतका राग आला होता की पुढचे दोन रविवार मी दोर धरायला गेलेच नाही. काकू वर येऊन म्हणाल्या, "जा गं. तू नाही गेलीस तर ते मला धरायला लावतील."

पुढच्या वर्षी डॉक्टरांनी काकूंची छाती तपासली आणि स्पष्टच सांगितलं. इतक्या उंचीवर हवा विरळ असते. या उन्हाळ्यात सांभाळून जाऊन येता येईल, पुढच्या उन्हाळ्यात मी हो म्हणणार नाही. काकांनी हे मान खाली घालून ऐकलं. काकू घरी येऊन म्हणाल्या, "नाही झालं तर नाही झालं. समुद्र काय, आता तिथे थोडाच आहे." पण स्वेटर ट्रंकेतून निघून गच्चीत उन्हाला पडला होता, तो मी पाहिला.

मेच्या अखेरीस, सकाळचं ऊन तापायच्या आधी, गाडी पुन्हा निघाली. या वेळी कमानीखालून ती अशी अलगद गेली की मिस्त्रीने टाळ्या वाजवल्या. टपावर सगळं जागच्या जागी, ताडपत्रीला एक सुरकुती नाही. मी काकूंच्या हातात दशम्यांचा डबा दिला. रस्त्याला लागायचं म्हणून काकांनी मान वळवून पाहिलं, तर समोर आझमगढकडून आलेली एक जीप बंद पडून आडवी उभी होती. तिच्या टपावर तिरडी होती.

हे इथे रोजचंच आहे. आसपासच्या जिल्ह्यांतून माणसं आपल्या माणसाला मणिकर्णिकेला आणतात, आणि आणतात ती अशीच, जीपच्या टपावर टिकठी, म्हणजे तिरडी, बांधून आणि आत दाटीवाटीने बसून. मैदागिनपर्यंत गाडी, तिथून पुढे खांदा. बनारसमध्ये कुणी वळूनही बघत नाही. काकांनी पाहिलं ते तिरडी घसरलेली होती म्हणून. दोनच ठिकाणी सुतळीचे वेढे, एका अंगाला कलती, आणि झेंडूच्या माळा रस्त्यावर लोंबत होत्या.

काका गाडीतून उतरले ते भांडायला. "ऐसे बाँधते हैं? रास्ते में गिर जातीं तो?" गेलेल्या बाईच्या मोठ्या मुलाने हात जोडले. पन्नाशीचा माणूस, डोळे सुजलेले. इंजिनाने दम तोडला होता. दुसरी गाडी मिळत नव्हती. टोटोवर तिरडी मावत नव्हती आणि माल वाहणाऱ्या टेम्पोवाल्याने नकार दिला होता. ऊन चढत होतं. त्याने काही मागितलं नाही. त्याने फक्त आमच्या कॅरिअरकडे पाहिलं.

काकांनीही पाहिलं. त्या टपावर त्यांची किती वर्षं बांधलेली होती ते मला ठाऊक होतं. ते उतरवून पुन्हा मनासारखं बांधायचं म्हणजे काय, तेही ठाऊक होतं. कॅरिअर बुटकं करायला अख्खा उन्हाळा गेला होता आणि काकूंकडे आता हा एकच उन्हाळा होता. माझ्या मनात आलं ते लिहिते: मला वाटलं, काकांनी नाही म्हणावं.

तेवढ्यात काकूंनी सीटवरून हाक मारली, "अहो, स्टूल काढा."

काका शिडी चढले. स्टूल काढलं. काकू उतरल्या, स्टूल उचलून आवाराच्या भिंतीच्या सावलीत नेऊन त्यावर बसल्या आणि म्हणाल्या, "आता बाकीचं पण काढा."

मग काकांनी पट्टे सोडले. मिस्त्री, त्या घरची माणसं, सगळ्यांनी मिळून तंबू, पेट्या, कॅन, टाकी उतरवून आवारात ठेवलं. तिरडी काकांनी स्वतः बांधली. डोक्याशी, पायाशी आणि मध्ये दोनदा. पट्टा देहाला काचू नये म्हणून खाली घडी घातलेलं पोतं. मी पलीकडून टोक धरलं. मिस्त्री हळूच म्हणाला, यात्रेला निघालेली गाडी, हे बरं नाही. काकू पुरोहिताच्या घरातल्या, म्हणाल्या, "निघताना प्रेत दिसलं तर शगुन मानतात. मग पोचवलं तर काय बिघडतं?" आणि मला म्हणाल्या, "तू जा बरोबर. नाहीतर हे दर चौकात दोऱ्या तपासत बसतील."

काका इतकी हळू गाडी कधीच चालवत नसत. मोठा मुलगा पुढे, काकूंच्या जागेवर बसला होता. खिडकीतून हात बाहेर काढून त्याने वरचा बांबू धरून ठेवला होता. खरं तर धरायची काही गरज नव्हती. टपावर काहीही वाजत नव्हतं. मग तो आपल्याशीच बोलावा तसं म्हणाला, "बाबूजी, माई कब्बो गाड़ी पर ना बइठल रहल. कहत रहल, केहू दिन हमहूँ के घुमा द. आज पहिली बेर चढ़ल ह."

त्याची आई कधीच गाडीत बसली नव्हती, एखाद्या दिवशी मलाही फिरवून आणा म्हणायची, ती आज पहिल्यांदा चढली होती. काकांनी मान हलवली. मैदागिनला तिरडी उतरवली, खांद्यावर चढली, 'राम नाम सत्य है' म्हणत माणसं गल्लीत वळली. काका टोपी हातात घेऊन ती दिसेनाशी होईपर्यंत उभे राहिले. परतताना मी पुढे बसले होते. संपूर्ण रस्ताभर त्यांनी एकदाही मान तिरकी करून काही ऐकलं नाही.

आवारात काकू पेट्यांच्या आणि कॅनच्या मधोमध स्टुलावर बसल्या होत्या. मिस्त्रीने कॅरिअरवर नळाचं पाणी मारलं. काकांनी हातपाय धुतले. काकूंनी पदर सावरला आणि नेहमीच्या आवाजात म्हणाल्या, "किती दिवस लागतील बांधायला? तसं असेल तर मी घरी जाते, पोळ्या टाकते."

"स्टुलावरून उठ," काका म्हणाले.

त्या उठल्या. काकांनी स्टूल जीपच्या दाराशी ठेवलं. "चढ."

"आणि हे सामान?"

"राहू दे इथे."

"तंबू? पाणी?"

"पहाडात लोक राहतात गं. त्यांच्याकडे पाणी असेल."

काकूंनी एकदा माझ्याकडे पाहिलं, मग काकांकडे. स्टुलावर पाय ठेवून त्या चढल्या. काका स्टूल उचलून शिडीकडे वळले, सवयीने. शिडीपाशी थांबले. परत आले, दार उघडलं आणि स्टूल काकूंच्या पायाशी तसंच ठेवून दिलं, ना पट्टा, ना पोतं. मला म्हणाले, "बँकवाली, पेट्यांत तांदूळ ठेव, पोरकिडा लागत नाही." आणि गाडीत बसले.

मोकळ्या टपाची जीप कमानीखालून बाहेर पडली. फाटकासमोरच मोठा खड्डा आहे. गाडी त्यात गेली आणि स्टूल आत खडाखड वाजलं. मी आणि मिस्त्री दोघेही थांबलो, आता ब्रेक लागणार म्हणून. पुढच्या खड्ड्यात पुन्हा वाजलं. कॅन्टच्या दिशेला वळेपर्यंत आम्हाला ते ऐकू येत होतं. गाडी थांबली नाही.

तांदूळ मी ठेवला आहे. पोरकिडा खरंच लागत नाही.

काकूंचा फोन आला तो बऱ्याच दिवसांनी, परतीच्या वाटेवरून. त्यांच्या आवाजात धाप नव्हती. 

"काकू, समुद्र पाहिला?"

"पाहिला गं. पार सुकलाय बिचारा." त्या हसल्या. मग म्हणाल्या, की तिथे त्या उतरून बसल्या होत्या, एकट्या, स्टुलावर, चांगल्या संध्याकाळपर्यंत. काका दूर एका दगडावर बसून होते आणि चक्क काहीही शिकवत नव्हते.

फोनमध्ये मागून एकसारखा काहीतरी ठोकल्याचा आवाज येत होता. मी विचारलं, "ते काय वाजतंय?"

"स्टूल," काकू म्हणाल्या. "बनारसपासून वाजतंय. मी म्हटलं, पायाने दाबून धरते. तर हे म्हणतात, वाजू दे."